आवडता रोमन सम्राट कोण? माणूस म्हणून, पराक्रम बाजूला ठेवून

दुपारची झोप

नमस्कार मंडळी. सध्या मी पूर्ण रोममय झालोय, लोकलमध्ये पॉडकास्ट, रात्री जेवण झालं की यूट्यूब, आणि घरचे आता मी "तुम्हाला माहितीये का, टायबेरियस..." एवढं म्हटलं की उठून आत जातात. म्हणून इथे धागा काढतोय.

प्रश्न सोपा आहे. तुमचा आवडता रोमन सम्राट कोण आणि का? अट एकच, कोणी किती मुलूख जिंकला ते सांगू नका, त्या हिशेबाने ट्राजनला हार घालून धागा इथेच बंद करता येईल. स्वभाव सांगा. हा माणूस शेजारी राहायला आला असता तर जमलं असतं का, याच्या हाताखाली नोकरी केली असती का, असं काहीतरी.

माझं मत व्हेस्पाशियनला (इ.स. ६९ ते ७९). खानदानी वगैरे काही नाही, बाप करवसुलीवाला, नंतर सावकारी करायचा. लहानपणी आजीकडे वाढला, आणि सम्राट झाल्यावरही आजीचं गावचं घर त्याने जसंच्या तसं ठेवलं, सणासुदीला तिच्याच चांदीच्या पेल्यातून प्यायचा. नीरोच्या गाण्याच्या कार्यक्रमात हा पेंगायचा किंवा उठून जायचा, त्यावरून मर्जीतून उतरला होता. तरी पुढे ज्यूंच्या बंडावर नीरोने यालाच पाठवलं, कारण एवढ्या साध्या घरातल्या माणसाची कसली भीती.

पैशाच्या बाबतीत मात्र पक्का. नीरोने आणि नंतरच्या यादवीने तिजोरी रिकामी केलेली, तर याने सार्वजनिक मुताऱ्यांमधल्या मूत्रावर कर लावला (कपडे धुणारे आणि कातडी कमावणारे ते वापरायचे). पोरगा टायटस कुरकुरला की बाबा हे काय, तर त्या कराचं पहिलं नाणं त्याच्या नाकाला लावून विचारलं, वास येतो का? हे सगळ्यांना माहीत असतं. मला दुसरा किस्सा जास्त आवडतो. एकदा प्रवासात खेचरं हाकणारा मध्येच उतरून नाल ठोकत बसला. व्हेस्पाशियनच्या लक्षात आलं की कोर्टकचेरीवाल्या कोणालातरी आपल्यापर्यंत पोचायला वेळ मिळावा म्हणून ही नाटकं चाललीत. चिडला नाही. नालबंदीचे किती मिळाले विचारलं आणि त्यातला माझा वाटा दे म्हणाला. आणि एक पोरगा नेमणूक मिळाली म्हणून आभार मानायला अत्तर चोपडून आला तर "त्यापेक्षा लसणाचा वास आला असता तर बरं" म्हणून नेमणूकच रद्द!

मरताना सुद्धा "अरेरे, मी देव व्हायला लागलो वाटतं" म्हणाला म्हणे. मेलेल्या सम्राटाला देव जाहीर करायची पद्धत होती, त्यावर हा टोमणा.

मार्कस ऑरेलियस म्हणणारे येतीलच, या, पण इन्स्टावरच्या रीळ बघून येऊ नका.

तिखट शेव

कॅलिगुलाचा घोडा. संगमरवरी तबेला, हस्तिदंती गव्हाण, अंगावर जांभळी झूल, आणि त्या घरात कोणाचाही खून केला नाही असा बहुधा तो एकटाच. माझं मत इन्सिटाटसला.

(त्याला कॉन्सल, म्हणजे रोममधला सर्वोच्च पदाधिकारी, केलं नव्हतं बरं का, करणार अशी नुसती चर्चा होती. आता पॉपकॉर्न घेऊन बसतो.)

हिशेबनीस

धागा आवडला. टायबेरियसचं नाव घेतलंच आहे तर मी त्याचीच बाजू मांडतो, कारण त्याची बाजू कोणी मांडत नाही.

आधी त्याचं आयुष्य बघा. व्हिप्सानिया नावाच्या बायकोवर खरंच जीव होता. सावत्र बाप ऑगस्टसने (पहिला रोमन सम्राट) राजकारणासाठी घटस्फोट घ्यायला लावला आणि स्वतःची मुलगी ज्युलिया गळ्यात बांधली. नंतर एकदा रस्त्यात व्हिप्सानिया दिसली तर हा सेनापती माणूस भरल्या डोळ्यांनी तिच्या मागे मागे चालत गेला, तेव्हापासून ती याच्या नजरेला पडणार नाही असा बंदोबस्तच करण्यात आला. पुढे ऑगस्टसने आवडते वारस मेल्यावर, म्हणजे दुसरं धड कोणी उरलंच नाही म्हणून, याला गादी दिली. वय ५४. अशा माणसाकडून हसतमुख स्वभावाची अपेक्षा कोण करणार?

पण कारभार बघा ना. इजिप्तच्या अधिकाऱ्याने ठरल्यापेक्षा जास्त कर पाठवला तर कौतुक नाही, उलट लिहिलं की मेंढरांची लोकर कातरायची, कातडी नाही सोलायची. इ.स. १७ मध्ये आशिया प्रांतात भूकंप होऊन सार्डिससारखी शहरं पडली, तर सार्डिसला १ कोटी सेस्टर्सची (रोमन नाणं) मदत आणि ५ वर्षं करमाफी. इ.स. ३३ मध्ये रोममध्ये कर्जबाजाराचा बोऱ्या वाजला, सगळे सावकार एकदम पैसे परत मागायला लागले, जमिनींचे भाव कोसळले, तेव्हा याने १० कोटी सेस्टर्स ३ वर्षांसाठी बिनव्याजी बाजारात सोडले, जमीन तारण घेऊन, आणि तीही कर्जाच्या दुप्पट किमतीची. आमच्या लाइनमधला माणूस हे वाचून उभा राहून टाळ्या वाजवेल. मेला तेव्हा तिजोरीत २७० कोटी सेस्टर्स होते, ते कॅलिगुलाने वर्षभरात उडवले (घोड्यासकट).

शेजारी म्हणून चालला असता का? हो, दार लावून बसला असता, बोलला नसता, मेंटेनन्स वेळेवर भरला असता.

सेजानस या त्याच्या उजव्या हाताच्या पतनानंतर जे झालं त्याची बाजू मात्र मी मांडणार नाही. सेजानसच्या लहान मुलांनाही मारलं, आणि इतिहासकार टॅसिटस लिहितो की ती छोटी मुलगी विचारत होती, माझं काय चुकलं, परत नाही करणार. हे वाचल्यावर पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवावं लागतं.

मोडीवाचक

मजा येतेय, पण सगळे लोक किस्से फार विश्वासाने सांगताय. टायबेरियस इ.स. ३७ मध्ये मेला, टॅसिटस आणि सुएटोनियस लिहितायत त्यानंतर ८० वर्षांच्या आसपास. टॅसिटस स्वतः सिनेटर. म्हणजे ज्या वर्गाचे अधिकार सम्राटांनी काढून घेतले, त्याच वर्गातला माणूस सम्राटांचा इतिहास लिहितोय. आपण बखर कशी वाचतो, कोणी लिहिली, कोणाच्या सांगण्यावरून, किती वर्षांनी, तसंच हे वाचायचं.

नीरोचंच घ्या. रोमला आग लागली (इ.स. ६४) तेव्हा तो रोममध्ये नव्हताच, अँटियममध्ये होता. परत आला आणि बेघरांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, हे त्याला शिव्या घालणारा टॅसिटसच सांगतो. आणि तो मेल्यावर लोक त्याच्या थडग्यावर फुलं ठेवत होते, पूर्वेकडे तर तोतये नीरो उभे राहिले! आपल्याला तोतया म्हटलं की पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवतो, तोच प्रकार. लोकांना परत यायला हवा असलेल्या माणसाचाच तोतया निघतो. आईला मारलं ते मारलंच, ते मी धुवून काढत नाहीये.

माझा आवडता क्लॉडियस, आणि त्याला कारण किस्सा नाही, पुरावा आहे. इ.स. ४८ मध्ये त्याने सिनेटमध्ये भाषण केलं की गॉलमधल्या (साधारण आजचा फ्रान्स) बड्या लोकांनाही सिनेटमध्ये घ्या. ते भाषण ब्राँझच्या पत्र्यावर कोरून लियॉंमध्ये लावलं होतं, तो पत्रा १५२८ मध्ये सापडला आणि आजही तिथल्या म्युझियममध्ये आहे. टॅसिटसनेही हेच भाषण दिलंय, पण एकदम घासूनपुसून, वक्तृत्व स्पर्धेसारखं. पत्र्यावरचं वाचा, माणूस समोर उभा राहतो. रोमच्या जुन्या राजांपासून सुरुवात करतो, कोण राजा मुळात कुठला उपरा होता, एट्रस्कन भाषेत त्याचं नाव काय होतं, यात घुसतो आणि बाहेरच येत नाही. मग मध्येच स्वतःलाच म्हणतो, की टायबेरियस सीझर जर्मेनिकस (हे त्याचंच नाव), भाषण कुठे चाललंय ते आता सिनेटर्सना सांगायची वेळ झाली! रिटायर्ड इतिहासाचे सर माईक हातात आल्यावर करतात तसं अगदी.

लंगडत चालायचा, अडखळत बोलायचा, सख्खी आई त्याला अर्धवट म्हणायची. एट्रस्कनांचा इतिहास २० खंड आणि कार्थेजचा ८ खंड लिहिला होता, दोन्ही गायब. त्यातलं एक पान जरी मिळालं ना, तर मी व्हेस्पाशियनचे सगळे विनोद द्यायला तयार आहे.

बायकांच्या बाबतीत निवड भयंकर, ते मान्य. मेसालिना झाल्यावर माणूस थांबतो, हा सख्ख्या पुतणीशी लग्न करून बसला.

सातासमुद्रा

इकडे इंग्लंडच्या उत्तरेला राहत असल्यामुळे माझं मत हॅड्रियनला जायला हवं, त्याने बांधलेली भिंत गाडीने जवळच आहे आणि भारतातून कोणीही पाहुणे आले की त्यांना तिथे न्यावंच लागतं. बाराही महिने वारा. सीरियामधले धनुर्धर इथे पहाऱ्याला उभे असायचे, त्यांचं काय होत असेल ते मी समजू शकते.

पण हॅड्रियन मला आवडत नाही, आणि आवडत नाही म्हणूनच तो सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. एकाच माणसात इतकं सगळं? प्रवासात एक बाई अर्ज घेऊन आडवी आली, हा म्हणाला वेळ नाही, तर ती ओरडली "मग राज्य करू नकोस", आणि हा मागे वळला आणि तिचं ऐकून घेतलं. रोममधलं पँथिऑन मंदिर नव्याने उभारलं आणि त्यावर स्वतःचं नाव न घालता मूळ बांधणाऱ्या अग्रिप्पाचंच ठेवलं, हे आजच्या कोणा नगरसेवकाला जमेल का सांगा. आणि हाच माणूस अपोलोडोरस नावाच्या आर्किटेक्टने कधीकाळी "जा तू तुझे भोपळे काढ जा" म्हणून हाकललं होतं, ते मनात धरून बसला. इतिहासकार डिओ म्हणतो आधी हद्दपार केलं आणि मग मारलं. मोडीवाचक म्हणतील पुरावा काय, तर पुरावा डिओच, काय करणार.

ज्यूंच्या बंडाचं (१३२ नंतरचं) तर बोलायलाच नको, डिओ ५,८०,००० माणसं मारली गेल्याचा आकडा देतो. आकडा फुगवलेला धरला तरी अर्धा प्रांत ओसाड झाला हे उरतंच.

शेवट सांगते. म्हातारपणी वारसाच्या संशयावरून याने स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याला, सर्व्हियानसला, मरायला लावलं. वय ९०. सोबत त्याचा १८ वर्षांचा नातू. सर्व्हियानसने मरण्याआधी विस्तव मागवला, धूप टाकला आणि म्हणाला, देवांनो, मी निर्दोष आहे हे तुम्हाला माहीत आहे, हॅड्रियनसाठी एवढंच मागतो की त्याला मरावंसं वाटावं आणि मरता येऊ नये. नंतर हॅड्रियनला जलोदर झाला, लोकांकडे विष मागायचा, तलवार मागायचा, कोणी देईना.

शाप लागायचाच म्हटलं तर असा लागावा.

दुपारची झोप

@सातासमुद्रा ताई, अंगावर काटा आला.

@हिशेबनीस, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून टायबेरियस बिनविरोध. मीटिंगला स्वतः येणार नाही, काप्री बेटावर बसून (शेवटची वर्षं तो तिथूनच कारभार बघायचा) पत्र पाठवेल आणि पत्र वाचून संपेपर्यंत कोणाला कळणार नाही की कोणाचा नंबर लागलाय.

पण अजून कोणी व्हेस्पाशियनवर बोललं नाही राव.

उशिराची बस

मी बोलते, पण तुम्हाला आवडणार नाही.

गॉलमध्ये ज्युलियस सबिनस म्हणून एकाने बंड केलं होतं. फसल्यावर स्वतःचंच घर पेटवून त्याने मेल्याची बतावणी केली आणि जमिनीखाली लपून राहिला. बायको एप्पोनिना वर लोकांसमोर विधवा म्हणून रडायची आणि गुपचूप त्याच्याकडे जायची. अशी ९ वर्षं! तिथेच दोन मुलं झाली. शेवटी पकडले गेले, रोमला आणलं, तिने मुलं पुढे केली, म्हणाली यांना मी थडग्यात जन्म दिला आणि वाढवलं, म्हणजे तुझ्यापुढे दयेची भीक मागायला आम्ही जास्त जण असू. डिओ सांगतो की हे ऐकून व्हेस्पाशियनच्याही डोळ्यांत पाणी आलं. आणि तरी त्याने दोघांना मारलं. ९ वर्षं जुनं बंड, ज्याला कोणी विचारत नव्हतं. ग्रीक लेखक प्लुटार्कने तर त्यांच्या एका मुलाला पुढे डेल्फीला पाहिलं होतं, तो स्वतः लिहितो. त्यामुळे ही गोष्ट नुसती ऐकीव म्हणून उडवता येत नाही.

तुमच्या हिरोचे विनोद मला पण आवडतात हो, पण नोकरांशी आणि गाडीवानांशी थट्टामस्करी करणारा माणूस खुर्चीला धक्का लागतोय म्हटल्यावर कसा वागतो तेही धरा की स्वभावात.

माझा मार्कस ऑरेलियस. रीळवाला नाही. त्याच्या वहीपेक्षाही ('मेडिटेशन्स') मला त्याची पत्रं आवडतात, फ्रोंटो नावाच्या त्याच्या गुरूजींना तरुणपणी लिहिलेली, जी एकोणिसाव्या शतकात एका खरवडून पुन्हा वापरलेल्या चर्मपत्रावर सापडली. एका पत्रात नुसता दिवस सांगितलाय. घसा धरला होता म्हणून मधपाण्याने गुळण्या केल्या, मग सगळे द्राक्षं तोडायला गेलो, घामाघूम झालो, परत येऊन आई पलंगावर बसली होती तिच्याशी गप्पा मारल्या. मी म्हटलं माझा फ्रोंटो आत्ता काय करत असेल, ती म्हणाली आणि माझी ग्रातिया (गुरुजींची बायको) काय करत असेल, मग कोणाचा कोणावर जास्त जीव आहे यावर आमचं भांडण. तेवढ्यात घंटा वाजली, वडील आंघोळीला गेले. रात्री तेलघाण्याच्या खोलीत जेवलो आणि गावकऱ्यांची एकमेकांत चाललेली चेष्टा ऐकली. बस. यात एकही सुविचार नाही, आणि हाच मुलगा पुढे जवळजवळ सगळी कारकीर्द साथीत आणि डॅन्यूबच्या काठावरच्या युद्धात घालवतो, डझनाहून जास्त मुलं होतात, त्यातली निम्म्याहून जास्त डोळ्यांदेखत जातात. मग वहीत लिहितो की माझं मूल जाऊ नये अशी प्रार्थना करण्यापेक्षा ते जाण्याची भीती जावी अशी कर. हे वाक्य रीळमध्ये डिप्रेसिंग म्युझिक लावून येतं तेव्हा मला फार राग येतो.

युद्धाला पैसे नव्हते तर प्रांतांवर नवा कर न लावता राजवाड्यातली भांडी, बायकोची रेशमी वस्त्रं, सगळं ट्राजनच्या चौकात लिलावाला काढलं म्हणे. टायबेरियसने व्याज सोडलं, याने घरातलं काढलं.

हिशेबनीस

आणि मग कमोडसच्या हातात सगळं दिलं. ऑडिटमध्ये हा मुद्दा येणारच. आधीच्या चौघांनी लायक माणूस दत्तक घेतला, तत्त्वज्ञ महाराजांनी पोरगा बसवला.

मोडीवाचक

@हिशेबनीस, आधीच्या चौघांना मुलगे होते कुठे? नेर्व्हा, ट्राजन, हॅड्रियन निपुत्रिक, आणि अँटोनायनसचे मुलगे आधीच गेलेले. जिवंत मुलगा असलेला पहिला मार्कसच. त्याला बाजूला सारून दुसरा कोणी बसवला असता तर एकतर त्या पोराला मारावं लागलं असतं नाहीतर यादवी झाली असती. इ.स. १७७ मध्ये लियॉंला ख्रिश्चनांचे हाल झाले, ते मार्कसच्या नावावर जास्त जड आहे माझ्या मते.

लिलावाची गोष्ट छान आहे, फक्त ज्या 'हिस्टोरिया ऑगस्टा'मध्ये ती सविस्तर येते त्या ग्रंथाने बिनदिक्कत खोटी पत्रं छापलेली आहेत, एवढं लक्षात ठेवा.

एरंडाचं गुऱ्हाळ

ऑरेलियन!! २७० मध्ये साम्राज्याचे तीन तुकडे झालेले, ५ वर्षांत पूर्वेकडे पाल्मायराची राणी झेनोबिया हिला हरवून तो भाग आणि पश्चिमेकडून गॉल परत आणलं, रोमभोवती आजही उभी असलेली भिंत बांधली. आणि मेला कशाने, तर एका सेक्रेटरीला थापेबाजी केल्याबद्दल शिक्षा होणार होती, त्याने खोटी यादी बनवून अधिकाऱ्यांना दाखवली की तुमची नावं मारायच्या यादीत आहेत. त्यांनी घाबरून आधीच याला मारलं. स्वभाव काय विचाराल तर सैनिक त्याला "तलवारीवर हात" म्हणायचे, म्हणजे शेजारी म्हणून नको. बायकोने एक रेशमी शालू मागितला तर सोन्याच्या भावाचा धागा परवडत नाही म्हणून नाही म्हणाला.

मोडीवाचक

शालू पण हिस्टोरिया ऑगस्टाच. :)

एरंडाचं गुऱ्हाळ

तुम्ही ना लग्नाच्या पंगतीत कॅलरी मोजणाऱ्यातले आहात.

तेरणाकाठ

थोडं अवांतर. रेशमावरून आठवलं, सगळे रोम रोम करताय पण हा पैसा शेवटी यायचा कुठे? आमच्या तेरला! 'पेरिप्लस' नावाचं पहिल्या शतकातलं ग्रीक व्यापाऱ्याचं पुस्तक आहे, त्यात पैठण आणि तगर म्हणजे तेर ही दोन्ही नावं आहेत. भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, आणि तिथून कापड वगैरे माल गाड्यांवर लादून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा, तिथून जहाजाने. तेरला गेलात तर लामतुरे संग्रहालय बघा, धाराशिवपासून जवळ आहे. आणि कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली ती तर प्रसिद्धच आहे.

टायबेरियसने सिनेटला लिहिलंय की बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्या लोकांकडे चाललाय. त्याची नाणी दक्षिण भारतात ढिगाने सापडतात, कोइमतूरच्या बाजूला विशेष. म्हणजे तक्रार खरी होती. थोरला प्लिनी, जो व्हेस्पाशियनच्या रोजच्या बैठकीतला माणूस, त्यानेही लिहून ठेवलंय की भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि माल इथे शंभरपट भावाने विकला जातो. तर आमच्यापुरतं सांगायचं तर जो सम्राट जास्त उधळ्या तो चांगला. नीरोला मत.

हिशेबनीस

हा प्रतिसाद वाचून टायबेरियस काप्रीवरून पत्र लिहायला बसला असेल.

दुपारची झोप

@उशिराची बस, एप्पोनिनाचं मी वाचलं नव्हतं, आत्ता शोधून वाचलं. प्लुटार्क म्हणतो ती व्हेस्पाशियनला तोंडावर म्हणाली की तू राज्य करून जितका सुखी नव्हतास तितकी मी अंधारात राहून होते. च्यायला. यावर त्या माणसाकडे विनोद नव्हता.

मत बदलत नाही, पण शेजारी म्हणून नको, खेचरवाल्याच्या गाडीत बसून लांबून बघेन. आत्तापर्यंत कॅलिगुलाचा घोडा स्वभावाने आघाडीवर आहे असं दिसतंय.

तिखट शेव

धन्यवाद मतदारांनो. बादवे बायझंटाइनवाले चालतील का? जस्टिनियन दुसरा, ज्याला ६९५ मध्ये नाक कापून हाकलला आणि तो १० वर्षांनी पाण्याच्या नळातून शहरात घुसून परत गादीवर बसला, त्याच्यावर माझ्याकडे बराच मसाला आहे.

मोडीवाचक

त्याला वेगळा धागा काढा. पहिला प्रतिसाद माझा.